घटक ४ : मतदारयादीतील नाव — वऱ्हाडातील मताधिकार आणि अमेरिकेचा अनुभव

४.१ प्रास्ताविक

‘मत’ हा शब्द मराठीत फार जुना आहे. संतसाहित्यात, पंडिती ग्रंथांत आणि शास्त्रार्थात तो अभिप्राय किंवा सिद्धान्त या अर्थाने येतो. त्याला ‘देण्याची’ क्रिया जोडली गेली आणि ‘मत देणे’ हा नवा वाक्प्रयोग रूढ झाला, तो प्रातिनिधिक संस्था आल्यानंतर. ‘मतदार’, ‘मताधिकार’, ‘मतदारसंघ’, ‘प्रौढ मताधिकार’ ही सर्व शब्दसंपत्ती त्यानंतरची आहे. वैचारिक गद्य वाचताना या शब्दांमागचा इतिहास ठाऊक नसेल, तर १९२० च्या सुमाराचा लेखक ‘मतदार’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोण असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. आज मतदार म्हटले की अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणताही नागरिक आपल्याला दिसतो. त्या काळी तो शब्द गावातील मोजक्या खातेदारांपुरता होता.

या घटकात आपण हा इतिहास वऱ्हाडच्या, विशेषतः वाशीमच्या बाजूने पाहणार आहोत आणि ताडून पाहण्यासाठी अमेरिकेचा दाखला घेणार आहोत. वाचताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा : अधिकार कोणाला आहे हे जाहीर करणारा कागद आणि प्रत्यक्षात कोणाचे नाव नोंदले गेले हे सांगणारी यादी, या दोहोंत अंतर किती होते? मताधिकाराचा खरा इतिहास या अंतरात सापडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

४.२ ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि नंतरची अमेरिका

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. तो त्यांनी अमेरिकेतील ज्या लोकांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केला आहे. अर्पणाचा काळ लक्षात घ्या. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली होती. १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने असे ठरवले की वंश, वर्ण किंवा पूर्वीचे दास्य या कारणांवरून कोणाही नागरिकाचा मताधिकार नाकारता येणार नाही. त्याच वर्षी मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हेल्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले. म्हणजे फुल्यांनी अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा दक्षिणेतील काल-परवापर्यंतचे गुलाम खरोखर मतदान करीत होते. पुण्यात बसून त्यांनी जे पाहिले, ते त्या क्षणी खरे होते.

पुढे चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतील राज्यांतून केंद्राचे सैन्य मागे घेण्यात आले आणि चित्र पालटू लागले. पंधरावी दुरुस्ती रद्द झाली नाही. तिचा एक शब्दही बदलला नाही. बदलले ते राज्यांचे कायदे. १ नोव्हेंबर १८९० रोजी मिसिसिपीने नवी राज्यघटना स्वीकारली. तीत मतदारासाठी दोन डॉलरचा डोईपट्टीसारखा कर आला. राज्यघटनेतील एखादे कलम वाचून दाखवावे, अथवा ऐकून त्याचा समाधानकारक अर्थ सांगावा, अशी परीक्षाही आली. अर्थ समाधानकारक आहे की नाही, हे ठरवणारा अर्थातच नोंदणी कारकून. या कलमांत वर्णाचा उल्लेख कोठेही नाही. त्याच नोव्हेंबरच्या २८ तारखेला पुण्यात जोतीरावांचे निधन झाले. ज्या देशाला त्यांनी ग्रंथ अर्पण केला, त्या देशात त्यांच्या अखेरच्या दिवसांत मताधिकाराचे दार पुन्हा लोटले जात होते.

लुइझियानाने १८९८ मध्ये आणखी एक युक्ती काढली. ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ रोजी मतदानास पात्र होता, त्याला साक्षरतेची व मालमत्तेची अट माफ. आजोबा गुलाम होते, त्यांच्या नातवाला ही सवलत मिळणे शक्यच नव्हते. परिणाम आकड्यांत पाहा : १८९६ मध्ये त्या राज्यात सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०४ मध्ये उरले १,३४२. ‘आजोबांचे कलम’ सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये रद्द केले. कर आणि वाचनपरीक्षा मात्र चालूच राहिल्या.

हे अंतर मिटायला १९६५ साल उजाडावे लागले. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा गावाच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या शांततामय मोर्चावर पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर चालवला. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही झाली. या कायद्याने अधिकाराची नवी घोषणा फारशी केली नाही. तिची गरजही नव्हती. त्याने हात घातला तो यादीला. वाचनपरीक्षा बंद केल्या, गरज पडेल तेथे केंद्राचे अधिकारी पाठवून नोंदणी करून घेतली आणि भेदभावाचा इतिहास असलेल्या प्रदेशांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी, असे बंधन घातले. मिसिसिपीत कृष्णवर्णीय प्रौढांपैकी नोंदणी झालेल्यांचे प्रमाण कायद्यापूर्वी शंभरांत सातही नव्हते. १९६७ पर्यंत ते साठाच्या घरात गेले.

४.३ वऱ्हाडातील जुनी यादी

आता आपल्या भागाकडे वळू. वाशीम हा एकेकाळी वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या फेररचनेत तो मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे आणि पुसद तालुका यवतमाळकडे गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. त्यामुळे १९०५ ते १९९८ या काळातील वाशीमच्या मतदाराचा शोध अकोला जिल्ह्याच्या कागदपत्रांत घ्यावा लागतो, हे संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

वऱ्हाडची घटनात्मक स्थितीही चमत्कारिक होती. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाने कंपनीच्या कारभारात दिला. १९०२ च्या करारान्वये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे आला व पुढील वर्षी मध्यप्रांताला जोडला गेला. मात्र सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचेच राहिले. १९१९ च्या कायद्यानंतर प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या, तेव्हा याचा विचित्र परिणाम दिसला. वऱ्हाडातील मतदारांनी प्रतिनिधी निवडायचे. पण वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे त्या प्रतिनिधींना ‘निवडून आलेले’ म्हणून विधिमंडळात बसता येत नसे. गव्हर्नरने त्यांची नेमणूक करायची आणि ते ‘नियुक्त सदस्य’ म्हणून बसायचे. वाशीमच्या खातेदाराने दिलेले मत नागपुरास पोचेपर्यंत कागदावर शिफारस होऊन जाई.

मुळात हा मतदार होता कोण? १९१९ च्या कायद्याखाली मताधिकार मालमत्तेवर आणि करावर आधारलेला होता. ग्रामीण भागात ठरावीक रकमेपेक्षा अधिक जमीन महसूल भरणारा, शहरात ठरावीक घरभाड्याच्या किंवा कराच्या वरचा, आयकर भरणारा, लष्करातून निवृत्त झालेला, अशा प्रकारची माणसे यादीत येत. संपूर्ण देशात लोकसंख्येच्या शंभरांत जेमतेम तीन माणसांना प्रांतिक विधिमंडळासाठी मत होते. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. जमीन ज्याच्या खात्यावर, त्याच्याशी सरकारचा थेट संबंध. मतदारयादीही त्या खात्यामागूनच चाले. बटाईने जमीन कसणारा, सालदार, रोजंदारीचा मजूर, गावगाड्यातील बलुतेदार आणि तांड्यावरचा बंजारा यांपैकी ज्याच्या नावावर पुरेसा महसूल नाही, त्याचे नाव यादीत येण्याचा रस्ताच नव्हता. आणि गावात जमीन कोणाकडे होती व कोणाकडे नव्हती, ते जातीच्या उतरंडीवरूनच बव्हंशी ठरलेले होते.

येथे अमेरिकेशी तुलना करताना एक सावधगिरी बाळगावी. मिसिसिपीत घटना अधिकार देत होती आणि राज्याचा कायदा तो छुप्या रीतीने काढून घेत होता. वऱ्हाडात छुपे असे काही नव्हते. ज्याच्यापाशी मालमत्ता नाही त्याला मत नाही, असे सरकार उघडपणे म्हणत होते. हत्यारे तीच, म्हणजे कर, मालमत्ता आणि साक्षरता. तेथे ती वचनभंगाची साधने होती. येथे अजून कोणी वचनच दिले नव्हते.

स्त्रियांचा प्रश्न प्रांतिक विधिमंडळांवर सोपवला गेला होता. मद्रास व मुंबई प्रांतांनी १९२१ मध्ये ठराव केले. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. १९२८ मध्ये अनसूयाबाई काळे यांची प्रांतिक विधिमंडळावर नेमणूक झाली आणि १९३७ नंतर त्या विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. मात्र सामान्य स्त्रीला १९३५ च्या कायद्याने जे मत मिळाले ते मोठ्या प्रमाणात मालमत्ताधारकाची पत्नी किंवा विधवा म्हणून. साक्षर स्त्रीसाठी वेगळी वाट होती. पण त्या काळच्या खेड्यात साक्षर स्त्रिया किती, हे सांगायला नको. पत्नी म्हणून मिळालेल्या या मताचा धागा पुढे आपल्याला पुन्हा धरायचा आहे.

४.४ साउथबरो समिती ते पुणे करार

मताधिकार कोणाला द्यावा हे ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी साक्ष दिली. त्या वेळी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची पात्रता खाली आणावी आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडावेत, अशी त्यांची मांडणी होती. तिचे तर्कशास्त्र समजून घेण्याजोगे आहे. ज्या समाजाला परंपरेने मालमत्ता बाळगू दिली नाही, त्याला मालमत्तेच्या कसोटीवर अपात्र ठरवणे म्हणजे अन्यायाचाच पुरावा म्हणून वापर करणे होय. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९३२ मध्ये लोथियन समितीत ते सदस्य होते; पण त्या समितीने सार्वत्रिक मताधिकार प्रशासनाला पेलणार नाही, असा निष्कर्ष काढला.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा, असे त्याचे स्वरूप होते. प्रांतिक विधिमंडळांत एकूण १४८ जागा ठरल्या, त्यांपैकी २० मध्यप्रांताला. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी केवळ दलित वर्गाच्या मतदारांनी चार उमेदवारांचा गट निवडायचा आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एक निवडायचा. करारावर पुष्कळ लिहिले गेले आहे व आपण ते अन्यत्र वाचालच. आपल्या विषयापुरता मुद्दा असा की, प्राथमिक निवडणुकीत मत कोण देणार, हेही शेवटी मतदारयादीवरच अवलंबून होते. १९३५ च्या कायद्याने मतदार वाढून लोकसंख्येच्या शंभरांत सुमारे चौदा झाले. भूमिहीन बहुसंख्य मात्र अजूनही बाहेर होते. १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेची निवडणूक झाली, ती या यादीवर. आणि १९४६ मध्ये याच मर्यादित यादीवर निवडलेल्या विधानसभांनी संविधान सभेचे सदस्य निवडले. वऱ्हाडातून पंजाबराव देशमुख व ब्रिजलाल बियाणी तिथे गेले, तेही याच मार्गाने.

४.५ १९५१ ची यादी

संविधान लागू होण्यापूर्वीच, १९४८ पासून, संविधान सभेच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकारावर आधारित मतदारयाद्या तयार करण्याचे काम प्रांतांकडून सुरू करवून घेतले होते. प्रशासनाला पेलणार नाही, असे लोथियन समितीने ज्याविषयी म्हटले, तेच काम तलाठी-पटवाऱ्यांच्या त्याच यंत्रणेकडून सोळा वर्षांनी करून घेतले गेले. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने एकवीस वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला मत दिले (एकसष्टाव्या दुरुस्तीने १९८९ पासून हे वय अठरा झाले) आणि अनुच्छेद ३२५ ने धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून वेगळी यादी करण्यास मनाई केली. महसूल, आयकर, घरभाडे, साक्षरता या साऱ्या पायऱ्या एका वाक्यात गेल्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले. अकोला जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. साक्षरता देशात शंभरांत अठराच्या आसपास असल्यामुळे प्रत्येक उमेदवाराची चिन्ह चिकटवलेली स्वतंत्र पेटी ठेवण्यात आली. मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती. ती हव्या त्या पेटीत टाकायची होती. मिसिसिपीचा कारकून वाचता न येणाऱ्यास परत पाठवीत होता त्याच दशकात, वाचता न येणाऱ्यासाठी पेटीचे रूप बदलण्याचा विचार येथे झाला. आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील अभिमान वाटावा असे हे थोडे प्रसंग आहेत.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. अनेक स्त्रियांनी गणकाला स्वतःचे नाव सांगितले नाही; ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला. देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे गळाली. त्यांपैकी बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत व विंध्य प्रदेशातील होत्या. हा निर्णय कठोर होता. परंतु १९३५ च्या कायद्यात स्त्री ‘पत्नी’ म्हणून यादीत येत होती, हे आठवले म्हणजे सेन यांचा आग्रह कशासाठी होता ते कळते. स्वतःच्या नावाशिवाय मतदार नाही, हे तत्त्व त्यांना पहिल्याच यादीत रुजवायचे होते. त्याची किंमत मात्र त्या २८ लाखजणींनी मोजली, हेही विसरता येत नाही.

ज्यांचे घरच फिरते आहे, त्यांचा प्रश्न आजही यादीपाशी येतो. कायद्याने मतदार होण्यास ‘सर्वसाधारण निवास’ लागतो, घराची मालकी लागत नाही. छप्पर नसलेल्या माणसाचीही नोंद होऊ शकते. तो त्या जागी झोपतो की नाही, याची खात्री केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन करायची असते. नियम चांगला आहे. पालावर रात्री जाणारा अधिकारी मिळाला, तरच तो उपयोगाचा.

४.६ वाशीम जिल्हा परिषद आणि मोजणीचा प्रश्न

मत देण्याचा हक्क निःशंक झाल्यावर वाद सरकला तो प्रतिनिधित्वाकडे. ७ जानेवारी २०२० रोजी वाशीम जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. या निवडणुकीतील आरक्षण एकूण ५० टक्क्यांच्या पुढे जाते, या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात दावा चालला. ४ मार्च २०२१ रोजी विकास किसनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात निकाल लागला. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमातील नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठीची २७ टक्क्यांची तरतूद न्यायालयाने ‘२७ टक्क्यांपर्यंत’ अशी वाचली. त्यासाठी तीन अटी घातल्या : मागासलेपणाची चौकशी करणारा स्वतंत्र आयोग, प्रत्येक स्थानिक संस्थेनिहाय प्रमाणाची निश्चिती आणि सर्व आरक्षण मिळून ५० टक्क्यांची मर्यादा. परिणामी वाशीमसह संबंधित जिल्हा परिषदांत या प्रवर्गातून निवडून आलेल्यांच्या जागा रिक्त झाल्या आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणुका झाल्या. या प्रवर्गात विमुक्त जाती व भटक्या जमातीही मोडतात, हे पोहरादेवीच्या जिल्ह्यात मुद्दाम सांगायला हवे. पुढे बांठिया आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालानुसार निवडणुका घेण्यास न्यायालयाने २० जुलै २०२२ रोजी मुभा दिली. त्यानंतरच्या खटल्यांचा तपशील आपल्या कक्षेबाहेरचा आहे.

अमेरिकेतही २०१३ मध्ये शेल्बी काउंटी प्रकरणात असाच प्रश्न निघाला. कोणत्या प्रदेशांना केंद्राची पूर्वसंमती लागेल हे ठरवणारे सूत्र जुन्या आकडेवारीवर उभे आहे, म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. दोन्ही न्यायालयांनी ताजी आकडेवारी मागितली. मागणी रास्त आहे. मात्र आपल्याकडे सर्व जातींची नोंद करून तिचे आकडे प्रसिद्ध करणारी अखेरची जनगणना १९३१ ची. मोजणी करण्याचे काम शासनाचे होते. ती न झाल्याचा तोटा पदावरून उतरलेल्या सदस्यांना झाला. ज्याला कधी मोजलेच नाही, त्याच्याकडे त्याच्या संख्येचा पुरावा मागणे, हे साउथबरो समितीपुढच्या जुन्या युक्तिवादाची आठवण करून देते. या मताशी सहमत नसणारे अभ्यासक आहेत आणि ५० टक्क्यांच्या मर्यादेचे समर्थन करणारा त्यांचा समानतेचा युक्तिवादही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा.

शेवटी एक भेद नोंदवून ठेवू. मतदारासाठी कराची अट गेली. उमेदवारासाठी ती पुरती गेलेली नाही. ग्रामपंचायतीच्या कराची मागणी झाल्यावर तीन महिन्यांत तो न भरणारा माणूस महाराष्ट्रात पंचायत सदस्यत्वास अपात्र ठरतो. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणारा, १२ सप्टेंबर २००१ या तारखेच्या संदर्भात, अपात्र ठरतो. राखीव जागेवरील उमेदवाराला जात वैधता प्रमाणपत्र द्यावे लागते. या अटींचे हेतू निरनिराळे आहेत आणि त्यांना एकाच मापाने मोजू नये. घरपट्टी थकलेल्या मजूर स्त्रीला सरपंच निवडता येतो, सरपंच होता येत नाही, ही स्थिती मात्र त्यांतून निर्माण होते.

४.७ स्वयंअध्ययनासाठी

१. ‘मत’ या शब्दाचे तुम्ही वाचलेल्या एखाद्या संतवचनातील किंवा पंडिती ग्रंथातील आणि आजच्या वृत्तपत्रातील अर्थ ताडून पाहा व सुमारे १५० शब्दांत टिपण लिहा.

२. मिसिसिपीची १८९० ची घटना आणि १९१९ च्या कायद्याखालील वऱ्हाडातील मताधिकार यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.

३. सुकुमार सेन यांच्या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी एक परिच्छेद लिहा.

४. आपल्या गावाची किंवा प्रभागाची मतदारयादी मिळवा. ती सार्वजनिक दस्तऐवज आहे. स्त्रियांच्या नावापुढे वडिलांचे नाव किती ठिकाणी आणि पतीचे किती ठिकाणी आहे, ते मोजा. गावात राहणारे, वयाने पात्र असलेले आणि यादीत नसलेले कोणी आढळल्यास कारण विचारा. त्यांची इच्छा असल्यास नमुना क्रमांक ६ भरण्यास साहाय्य करा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर या अर्हता दिनांकांपैकी त्यांना कोणता लागू पडतो, ते आधी पाहून ठेवा.